मागच्या खोलीतले तीन किम

समुद्र घरापासून चाळीस पावलांवर असताना जी बाई घरात समुद्र आणून ठेवते, तिला गाव काय म्हणणार? तेच म्हणालं, आणि वर्षभर म्हणत राहिलं. सकाळी मी दोन बादल्या घेऊन धक्क्यावर गेले की सुपारी चघळत बसलेल्यांपैकी कुणीतरी ओरडायचंच, "एबिल, बेताने गं! सगळा नेऊ नकोस, आम्हाला मासे धरायचेत!" मी गप्प बसून ऐकून घेतलं असं कुणी समजू नये. मी काय उत्तरं दिली ती मात्र इथे लिहीत नाही.

हे सगळं किमपायी झालं. बाहेरचे लोक त्याला महाकाय शिंपला म्हणतात, आम्ही पलाऊ बेटांवरची माणसं नुसतं किम म्हणतो. गावात किम वाढवायचं केंद्र आहे आणि तिथे मी बावीस वर्षं काम करते. खसखशीच्या दाण्याएवढे असल्यापासून चार बोटं भरेपर्यंत सगळे किम माझ्या हाताखालून जातात. त्यांचं शेवाळ ब्रशने काढायचं, बुडाशी चिकटलेल्या रक्तपित्या गोगलगायी नखाने वेचायच्या, पाणी फिरतं ठेवायचं. मोठे होतात ते खडकावर आणि मग कढईत जातात. चार बोटांचे असतात ते विमानात बसतात. दूरच्या शहरांत हौशी लोक घरात काचेच्या टाकीत खारं पाणी भरून प्रवाळ वाढवतात, त्यांना आमचे किम हवे असतात. किम उघडला की त्याच्या मांसाची निळीहिरवी झालर बाहेर पसरते, तिच्यावर ते लुब्ध होतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. ती झालर मी बावीस वर्षं बघते आहे आणि अजून माझं मन भरलेलं नाही.

आमचे किम घेणारा माणूस म्हणजे कुओ. तैपेईत त्याची दुकानं आहेत. बारा वर्षं येजा करून आमची भाषा त्याला मोडकीतोडकी बोलता येते, समजते मात्र पुरती. गेल्या वर्षी तो आला तो पिशवीत रिकामे शिंपले घेऊन. केंद्राच्या अंगणात सगळ्यांसमोर त्याने ते टेबलावर ओतले.

"पाच आठवडे," तो म्हणाला. "कुणी सहा. गिऱ्हाईक माझ्या नावाने बोंब मारतं. एबिलबाई, तुमचे किम खायला उत्तम. ठेवायला नाही. कमजोर आहेत."

तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या किमला कमजोर? वादळात समुद्रातले पिंजरे उलटले तेव्हा गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून ज्यांना मी एकेक करून गोळा केलं, ते कमजोर?

"एका वर्षाने या," मी म्हटलं. "माझ्या घरात, दिव्याखाली, उन्हाचा एक किरण न लागू देता जगवून दाखवते. वाढवून दाखवते. मग बोला."

केंद्राचा प्रमुख सुमांग माझ्याकडे बघतच राहिला. कुओ गेल्यावर म्हणाला, "एबिल, तू आयुष्यात काचेची टाकी पाहिली आहेस का कधी?"

"नाही."

"मग?"

"मग काय? पाहीन."

"हे बघ, हा माणूस सोडून गेला तर निम्म्या टाक्या बंद होतील. उरतील ते खायचे किम. तुझ्या हाताखालच्या चौघी घरी बसतील, आणि कदाचित तूही." सुमांग उगाच घाबरवणारा माणूस नाही, म्हणून मी आणखीच घाबरले. पण शब्द तोंडातून गेला होता.

माझ्या घराच्या मागच्या खोलीला खिडकी नाही. जुनी जाळी आणि रॉकेलचे डबे तिथे पडलेले असायचे. ती रिकामी केली. कोरोर शहरातून दिवा आणि पंप आणला, काचेची टाकी टेबलावर मांडली आणि केंद्रातून चार बोटांचे तीन किम आणले. केंद्रात करतो तसंच प्रत्येकाच्या शिंपल्याच्या अगदी काठाशी नंबराची छोटी पट्टी चिकटवली: सात, आठ, नऊ. कुओच्या दुकानाचं माहितीपत्रक माझ्याकडे होतं. त्यातल्या चित्रात किम दगडाला टेकवून तिरपे उभे केलेले होते, झालर समोरच्या काचेकडे. मीही तसंच केलं.

महिनाभरात माझा तोरा उतरला. किम वळवळत दिव्याकडे तोंड करायचे आणि दगडावरून घरंगळून पडायचे. मी उचलून पुन्हा उभे करायची, ते पुन्हा पडायचे. आठ नंबरची झालर आक्रसली आणि मध्ये पांढरी पडायला लागली. कुओचे रिकामे शिंपले मला डोळ्यांसमोर दिसायला लागले. माणूस खोटं बोलत नव्हता तर.

एका दुपारी मी टाकीसमोर स्टूल टाकून बसले होते. बघता बघता वाटलं, मला हा प्राणी ओळखीचा का वाटत नाहीये? मग लक्षात आलं. जन्मात मी किम बाजूने पाहिलेला नाही! होडीतून पाहिला, पाण्यात बुडी मारून पाहिला, केंद्राच्या उथळ टाक्यांवर वाकून पाहिला, सगळा वरून. किमलाही तेवढंच ठाऊक आहे. ऊन वरून येतं, तो वर तोंड करून पडून राहतो आणि उन्हावर जगतो. त्याला भिंतीवरच्या तसबिरीसारखा टांगला तर त्याने काय करावं?

मी काचेची टाकी दिली बाजूला सारून. केंद्रातला एक जुना पसरट पांढरा टब मागून आणला, सरळ जमिनीवर ठेवला, तळाशी वाळू घातली. किम वाळूवर तोंड वर करून निजवले आणि दिवा बरोबर त्यांच्या डोक्यावर टांगला. आठवड्याच्या आत तिघांनीही अंग मोकळं केलं. आठ नंबरला दोन महिने लागले, पण त्याचा पांढरा डाग भरून आला. त्या दिवशी मी एकटी त्या अंधाऱ्या खोलीत टबावर वाकून हसत होते, आणि मला कुणी पाहिलं नाही हे बरं झालं.

नंतरचे महिने कष्टाचे होते, पण कसे गेले ते कळलं नाही. वीज गेली की पंपाला बॅटरी जोडायची, रोज दोन बादल्या पाणी बदलायचं, सोमवारी शिंपल्यांची बुडं चाचपायची. वर्ष भरत आलं तेव्हा किम माझ्या तळहातापेक्षा मोठे झाले होते. काठाशी चिकटवलेली पट्टी आता काठापासून तीन बोटं मागे राहिली होती. कुओ येण्याची तारीख मी भिंतीवर खडूने लिहून ठेवली.

आणि त्याच तारखेला इलेब्रांग बाहेर पडायची होती.

इलेब्रांग माझ्या बहिणीची मुलगी. तिला पहिली मुलगी झाली होती. पहिलटकरणीला दहा दिवस पाल्याच्या कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, आणि मग हळद आणि खोबरेल माखून, सजवून सगळ्यांसमोर बाहेर आणायचं, हा आमच्या घराण्याचा सर्वांत मोठा मान. तो माझ्या घरी होता. त्या दहा दिवसांचा एक नियम आहे: ती घरात असेतो कुणी आवाज चढवायचा नाही. रागाचा शब्द कानावर पडला तर दूध आटतं म्हणतात. माझ्यासारखीला हा नियम फार जड जातो, हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे त्याची मजा घेतात.

माशांची बाजू पुरुषांची, म्हणून दोन दिवस आधी ओइतेरोंगमामा आले. माझ्या आईचे धाकटे भाऊ, ऐंशी वर्षांचे. कमरेला सुपारीची टोपली आणि तोंडात सर्वांबद्दल एकेक वाईट शब्द. पण त्यांची जीभ अख्ख्या बेटावर प्रसिद्ध आहे. तरुणपणी त्यांनी पैज लावून डोळे बांधून पाच खडकांवरचे किम चाखले होते आणि पाचही खडक बिनचूक ओळखले होते. "हा खाडीच्या तोंडाचा, गोडं पाणी प्यायलाय," असं म्हणायचे. अजूनही म्हणतात.

समारंभाच्या दिवशी पहाटेच मी बायकांबरोबर अळकुड्या खणायला शेतात गेले. उत्तरेचा वारा पडला नव्हता, समुद्र खवळलेला होता. डोक्यावर टोपली घेऊन परत आले तर होड्या धक्क्यावर, आणि पाट्यांत मासे मोजकेच. घराजवळ आले तसा नारळाच्या दुधाचा आणि किमचा वास आला.

अंगणात चुलीवर मोठं पातेलं होतं. मामा पळीने ढवळत होते.

"आलीस? अगं, समुद्राने आज दगा दिला. मी म्हटलं, आता बाळंतिणीच्या तोंडात काय घालायचं? जाळं शोधायला मागच्या खोलीत गेलो तर बघतो काय! एबिल, तू शहाणी आहेस, मी कधी म्हटलं नसेल, पण आहेस. आधीच सोय करून ठेवलीस. फक्त दिवा कशाला लावलास? किम काय अंधाराला घाबरतात?"

आमच्याकडे पाहुणे यायचे असले की खेकडे, किम आदल्या दिवशीपासून टबात जिवंत ठेवतात. घरोघरी ठेवतात. जमिनीवर टब, टबात किम. मामांनी दुसरं काय समजायचं? वर्षभर गावाने मला वेडी म्हटलं, पण मामा राहतात उत्तरेच्या टोकाला, त्यांच्या कानावर काही गेलं नव्हतं. आणि मी त्या दारावर साधी दोरीही बांधली नव्हती. मला हे सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

पातेल्याशेजारी सहा शिंपा धुऊन उपड्या घातल्या होत्या. सात, आठ, नऊ.

मी तोंड उघडलं. आतून इलेब्रांगचा आवाज आला, "मावशी, किती छान झालंय गं! मी दोन वाट्या प्यायले." मी तोंड मिटलं. बाळंतिणीच्या पोटात गेलेल्या घासाबद्दल हळहळ करणारी बाई आमच्यात बाई नव्हे. मी घरामागे जाऊन अळकुड्या सोलायला बसले आणि रागाने रडले. किती रडले ते सांगत नाही, पण एक अळकुडी सोलता सोलता सुपारीएवढी झाली.

तिथेच सुमांगने मला गाठलं. तो मागच्या खोलीतून येत होता.

"एबिल, कुओचं विमान उतरलंय, तो थेट इकडेच येतोय. आणि टब रिकामा आहे. किम कुठे गेले?"

"पोटात."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या."

सुमांग माझ्याशेजारी बसला. हळूच म्हणाला, "केंद्राच्या समुद्रातल्या पिंजऱ्यात याच मापाचे आहेत. अर्ध्या तासात तीन आणून टबात टाकतो. पट्ट्या काढून चिकटवू. कुणाला काय कळणार?"

खरं सांगते, क्षणभर त्या पट्ट्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. चौघी माझ्या हाताखाली काम करतात, त्यांची घरं त्याच्यावर चालतात. पण तसं केलं असतं तर कुओला जे दिसलं असतं ते समुद्राचं काम असतं, माझं नव्हे. मी ज्यांना दिव्याखाली जगवलं होतं ते तिघे खरोखरच जगले होते. त्यांच्या नावावर तोतया बसवायचा?

"नाही," मी म्हटलं. "झालं ते सांगेन. मानला तर मानला."

"नाही मानणार."

"मग नाही."

कुओ आला तेव्हा इलेब्रांगला बाहेर आणत होते. हळदीने पिवळीधमक झालेली, अंगावर तेल चकाकतंय, मान ताठ. बायका नाचायला लागल्या, मीही नाचले, कारण नाचायचंच असतं. कुओ गर्दीतून माझ्याकडे हात करत होता. मी त्याला खुणेने बसायला सांगितलं. आमच्याकडे पाहुणा आधी जेवतो, मग बोलतो. तो मान्यवर म्हणून त्याला मामांच्या शेजारी बसवलं आणि मामांनी पातेल्यातल्या शेवटच्या दोन वाट्या केल्या: एक पाहुण्याला, एक स्वतःला.

थांबवायचं तरी कसं? पाहुण्याच्या हातातली वाटी कुणी काढून घेतं का?

कुओने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. "फार चांगलं आहे," तो म्हणाला.

मामांनी घोट घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. दुसरा घेतला. मांसाचा तुकडा दातांत धरून हळूहळू चावला. मग वाटी खाली ठेवली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा किम कुठला?"

सगळ्या माना मामांकडे वळल्या.

"सत्तर वर्षं खातोय मी. आमच्या सगळ्या खडकांचे खाल्लेत. हा आमचा नाही! म्हणजे पाणी आमचंच आहे, इथल्या धक्क्याजवळचं, ती चव मी चुकायचो नाही. पण ऊन आमचं नाही. या किमने आमचं ऊन खाल्लेलंच नाही." त्यांनी कुओकडे बघितलं, जणू त्यानेच चोरून आणला असावा. "आणि उपाशीही नाही हं. भरलेला आहे, गोड आहे. सुखात वाढलाय. कुठे वाढलाय ते सांगा मला."

कुओचा चमचा वाटीतच राहिला. तो आमची भाषा समजतो हे मी आधी सांगितलंच आहे. तो सावकाश माझ्याकडे वळला.

मी उठले. वर्षभर मनात जे भाषण घोकलं होतं त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

"मामा," मी म्हटलं, "तो माझ्या मागच्या खोलीतला आहे."

मग मी त्या सहा शिंपा आणून कुओसमोर ठेवल्या. तो एकेक उचलत गेला. काठावर लावलेली पट्टी तीन बोटं आत गेलेली, तिच्यापुढे वर्षभराची नवी पांढरीशुभ्र वाढ, कुठे किड्याचं छिद्र नाही की शेवाळाचा डाग नाही. समुद्रातला शिंपला इतका स्वच्छ कधीच नसतो, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. आठ नंबर त्याने बराच वेळ हातात धरला.

"यांना कमजोर म्हणालो होतो मी," तो म्हणाला.

"खायला उत्तम, असंही म्हणाला होतात," मी म्हटलं. मांडवात हशा पिकला. पहिल्यांदा माझ्यावर नव्हता.

मामांना आता कुठे उमगलं. त्यांनी रिकाम्या पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सुपारीची टोपली उगाचच पुढे ओढली. "म्हणजे ती सोय नव्हती," ते पुटपुटले.

जेवण झाल्यावर कुओ म्हणाला, "मला टाकी दाखवा." मी त्याला मागच्या खोलीत नेलं. तो आत शिरला आणि टेबलं, फळ्या, भिंती बघायला लागला, डोळ्यांच्या उंचीवर सगळीकडे.

"खाली बघा," मी म्हटलं.

त्याने खाली बघितलं. दिवा अजून चालू होता, पाण्याखालच्या वाळूत तीन खळगे होते, किम जिथे निजले होते तिथले. कुओ कोटाची टोकं सावरून उकिडवा बसला आणि त्या खळग्यांवर वाकला. मी उभीच राहिले.

मी त्याला तिरप्या दगडांचं सांगितलं, आठ नंबरचा पांढरा डाग सांगितला, मग त्यांना निजवलं ते सांगितलं. तो ऐकत होता आणि मध्येच कपाळावर हात मारून घेत होता. "आमच्या सगळ्या दुकानांत उभेच करतात," तो म्हणाला. "गिऱ्हाईक समोरून बघतं ना."

"मग गिऱ्हाइकाला वाकायला सांगा."

तो हसला, पण त्याने ते वहीत लिहून घेतलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. बाहेर सुमांग दाराशी उभा होता. कुओ उठता उठता त्याला म्हणाला, "पुढच्या खेपेपासून दुप्पट. आणि प्रत्येक पेटीत या बाईंच्या हातची चिठ्ठी: किम कसा निजवायचा." सुमांगने भिंतीला पाठ टेकली. मी मात्र ताठ उभी राहिले, सकाळी इलेब्रांग उभी होती तशी. बावीस वर्षांत मला माझं काम कुणाला सांगावं लागलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. आता ते माझ्या अक्षरात विमानात बसणार होतं.

संध्याकाळी पाहुणे पांगले. इलेब्रांग बाळाला घेऊन नवऱ्याकडच्या माणसांबरोबर त्यांच्या गावी गेली. मामा निघता निघता मागच्या खोलीत डोकावून आले.

"एबिल," ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मी आज चूक केली. मान्य आहे. सत्तर वर्षांत असा किम खाल्ला नव्हता, तेही मान्य आहे. आता टब रिकामा ठेवू नकोस. आणखी तीन आत्ताच टाकून ठेव, म्हणजे इलेब्रांगच्या दुसऱ्या बाळंतपणापर्यंत..."

इलेब्रांग बाहेर पडली होती. घरात आवाज चढवायला आता कुणाची मनाई नव्हती. दहा दिवसांचा साठलेला आवाज मी एकदम सोडला, तो धक्क्यावर सुपारी चघळत बसलेल्यांनीसुद्धा ऐकला, आणि त्या दिवशी तिथून कुणीही काही ओरडलं नाही.